ह्यूस्टनमध्ये बर्फ पडणार असेल तेव्हा: घराची तयारी, मुलांचा खेळ आणि दुसरी सकाळ

ह्यूस्टन आणि त्याच्या आसपासच्या केटी, शुगर लँड, पेअरलँड या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला बर्फ क्वचितच येतो, आणि आला तरी तो काही तासांचा पाहुणा असतो. २१ जानेवारी २०२५ रोजी पहाटे शहराच्या बहुतेक भागांत दोन ते चार इंच बर्फ साचला, शाळा आणि दोन्ही विमानतळ बंद राहिले, आणि पुष्कळ घरांत मुलांनी आयुष्यातला पहिला बर्फ पाहिला. अशा दिवशी होणाऱ्या चुका बहुधा हौसेच्या अभावी होत नाहीत, त्या क्रम चुकल्यामुळे होतात. नळ झाकायचे राहिलेले असतात, सकाळ चित्रीकरणात जाते, मुले सुती कपड्यांत बाहेर पळतात, दुपारी बर्फाचा चिखल होऊ लागल्यावर खेळाची आठवण होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, सगळे संपले असे समजून, कोणीतरी गाडी बाहेर काढतो.

योग्य क्रम असा: घराची कामे आदल्या दिवशी उजेडात संपवावीत, कपडे रात्रीच मांडून ठेवावेत, खेळ सकाळी लवकर उरकावा, आणि बर्फ वितळून पुन्हा गोठण्याची वेळ येईपर्यंत सर्वांनी घरात असावे. खालचे टप्पे याच क्रमाने पाळावेत.

## १. अंदाज वाचणे (दोन-तीन दिवस आधी)

फोनमधल्या हवामानाच्या चित्रात बर्फाचा तारा दिसला म्हणजे बर्फ पडणारच, असे समजू नये. या भागात बर्फ पडण्यासाठी उत्तरेकडून आलेली कोरडी थंड हवा आणि मेक्सिकोच्या आखातातून येणारी ओल यांची गाठ नेमक्या वेळी पडावी लागते. वरच्या थरात थोडी जरी उबदार हवा शिरली, तरी बर्फाऐवजी गोठणारा पाऊस पडतो. म्हणून नॅशनल वेदर सर्व्हिसच्या ह्यूस्टन-गॅल्व्हस्टन कार्यालयाचे निवेदन दिवसातून दोनदा पूर्ण वाचावे आणि त्यात तीन गोष्टी शोधाव्यात: किमान तापमान किती, ते शून्याखाली सलग किती तास राहणार, आणि पडणार ते बर्फ, बर्फाचे कण की गोठणारा पाऊस.

‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांत गल्लत होते. ‘वॉच’ म्हणजे तशी शक्यता आहे, तेव्हा तयारीला लागावे; ‘वॉर्निंग’ म्हणजे ते होणारच आहे किंवा सुरू झाले आहे, तेव्हा तयारी संपलेली असावी. खरेदी ‘वॉच’ जाहीर होताच करावी, कारण नळांची फोमची टोपणे आणि पाण्याच्या बाटल्या दुकानांतून सर्वांत आधी संपतात.

तपासणी: शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ३२ अंश फॅरनहाइट. पाइपच्या दृष्टीने चिंतेचा आकडा त्याहून खालचा, साधारण २० ते २५ अंश फॅरनहाइटचा असतो, आणि तोही काही तास टिकला तर. हे दोन आकडे कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत.

## २. घर (आदल्या दिवशी, सूर्यास्तापूर्वी)

हा टप्पा सर्वांत मोठा आहे आणि त्यातच सर्वाधिक हयगय होते. टेक्सासमधील घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात; पुष्कळ घरांत पाण्याचे पाइप छताखालच्या पोटमाळ्यातून किंवा बाहेरच्या भिंतीतून गेलेले असतात आणि तिथे उष्णता रोखणारे आवरण पुरेसे नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनचे तापमान उणे १० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि वीजही गेली, तेव्हा असंख्य घरांत हेच पाइप फुटले.

पाणी. सर्वप्रथम घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधावे आणि तो हाताने फिरतो का, हे पाहावे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो दाखवून ठेवावा, कारण पाइप फुटला तर पहिली दोन मिनिटेच महत्त्वाची असतात. त्यानंतर बाहेरच्या नळांना लावलेले रबरी पाइप काढावेत; पाइप तसाच जोडलेला राहिला तर त्यात अडकलेले पाणी गोठून नळाच्या आतल्या भागाला तडा देते आणि वर घातलेले टोपण निरुपयोगी ठरते. मग फोमचे टोपण घट्ट बसवावे. टोपण मिळाले नाही तर जुना टॉवेल तीन-चार पदरी गुंडाळावा, त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि टेपने बांधावी. हिरवळीच्या स्प्रिंकलरचे पाणी बंद करून जमिनीवर दिसणारा पितळी भागही असाच गुंडाळावा.

घरातल्या सिंकखालची कपाटे रात्रभर उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीची ऊब पाइपपर्यंत पोहोचते. नळाची बारीक धार सोडावी की नाही, याबाबत आपल्या पाणीपुरवठा विभागाची त्या दिवसाची सूचना पाहावी, कारण हजारो घरांनी एकाच वेळी नळ सोडले की संपूर्ण शहराचा दाब उतरतो. सोडायचीच असेल तर ती बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची असावी, गरम आणि थंड दोन्ही बाजूंची असावी, आणि पेन्सिलीच्या शिशाहून जाड नसावी. पिण्याचे पाणी मोठ्या पातेल्यांत आणि स्वच्छतागृहासाठीचे बादल्यांत आधीच भरून ठेवावे.

झाडे. मराठी घरात तुळस, कढीपत्ता, गवती चहा आणि मोगरा यांपैकी काहीतरी असतेच, आणि यांपैकी एकालाही गोठणारी रात्र सोसत नाही. कुंड्या गॅरेजमध्ये किंवा घरात घ्याव्यात. जमिनीत लावलेल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी दुपारी पाणी घालावे, कारण ओली माती दिवसाची उष्णता अधिक धरून ठेवते. मग बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा आणि जुनी चादर वरून थेट जमिनीपर्यंत सोडून कडांवर विटा ठेवाव्यात. चादर खोडाला गुंडाळून बांधल्याने काहीच साधत नाही. ऊब जमिनीतून वर येते आणि ती आत अडवायची असते. प्लास्टिक पानांना टेकू देऊ नये, कारण जिथे ते टेकते तिथेच पाने करपतात.

अन्न. वीज जाईल असे धरूनच स्वयंपाक करावा. दशम्या, ठेपले, दाण्याची चटणी, चिवडा, उकडलेले बटाटे आणि थर्मासमध्ये भरलेला चहा एवढ्यावर एक दिवस सुखाने निघतो. पुष्कळ घरांत इलेक्ट्रिक शेगडी असल्यामुळे खिचडी नंतर करू, हा बेत वीज गेली की कोसळतो.

ऊब. या विषयावर कोणतीही सवलत देता येत नाही. कोळशाची शेगडी, बार्बेक्यू किंवा तंबूतला गॅसचा स्टोव्ह घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवू नये, गॅरेजचे दार उघडे असले तरीही नाही. गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून तिच्यात ऊब घेत बसू नये. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, खिडक्यांपासून लांब असावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे थंडीची वाटू शकतात. २०२१ मध्ये ह्यूस्टन परिसरात या विषारी वायूने कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात पोहोचली. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरची बॅटरी आजच बटण दाबून तपासावी.

तपासणी: अंधार पडण्यापूर्वी घराला बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी आणि नळ मोजावेत. मागच्या अंगणातला, कचऱ्याच्या डब्यांमागचा नळ हमखास विसरला जातो.

## ३. कपडे (रात्रीच मांडून ठेवणे)

इथे थंडीपेक्षा ओल अधिक त्रास देते. ह्यूस्टनचा बर्फ बहुधा गोठणबिंदूच्या आसपास पडतो, अंगाला लागला की लगेच वितळतो, आणि सुती कापड ते पाणी शोषून अंगाला चिकटून राहते. त्यामुळे जीन्स आणि सुती मोजे हे बर्फात घालण्याचे सर्वांत वाईट कपडे आहेत, आणि मुलांच्या अंगावर सर्वाधिक तेच दिसतात.

बर्फाचे खास कपडे एका सकाळीसाठी विकत आणण्याची गरज नाही. अंगालगत घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, म्हणजे मुलांचा खेळाचा किंवा पोहण्याचा लांब बाह्यांचा शर्ट चालतो. त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर पावसाळी जाकीट व पावसाळी विजार. पायांत लोकरीचे मोजे, त्यावर पावाची रिकामी प्लास्टिक पिशवी आणि मग गमबूट. हातांत लोकरीचे मोजे आणि त्यांवर भांडी घासण्याचे मोठ्या मापाचे रबरी मोजे. हे दिसायला विचित्र असले तरी अर्ध्या तासानंतर कोरडी बोटे याच मुलांची असतात.

भारतातून हिवाळ्यात आलेल्या आजी-आजोबांची माकडटोपी आणि शाल याच दिवशी सर्वांत कामाची ठरते. मात्र साडी किंवा धोतर घालून अंगणात उतरू नये, ओले काठ पायांत येतात. चपला आणि गुळगुळीत तळाचे बूट पूर्ण वर्ज्य समजावेत.

तपासणी: प्रत्येक मुलाचा एक पूर्ण कोरडा जोड वेगळा काढून दाराजवळ ठेवला आहे का? खेळ मध्येच थांबवावा लागण्याचे सर्वांत मोठे कारण ओले मोजे हेच असते.

## ४. बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी (सकाळी)

गडद रंगाच्या स्वेटरची बाही दाराबाहेर धरावी आणि नीट पाहावे. हलके, पसरलेले, सहा टोकांचे किंवा एकमेकांत गुंतलेले पांढरे कण बाहीवर क्षणभर टिकून विरघळले, तर तो बर्फ आहे आणि बाहेर जाण्यास हरकत नाही. टणक दाणे बाहीवरून उडून पायरीवर टपटप पडत असतील, तर ते गोठलेल्या थेंबांचे कण आहेत. त्यांवरून चालताना पाय गोट्यांवर पडल्यासारखा सरकतो. आणि नुसते पाणी पडून कठडा, फांदी किंवा गाडी काचेसारखी चकाकत असेल, तर तो गोठणारा पाऊस आहे.

खबरदारी: गोठणाऱ्या पावसात खेळ नाही, हा निर्णय मुले रडली तरी बदलू नये. त्याच्या ओझ्याने ओक वृक्षाच्या मोठ्या फांद्या आणि विजेच्या तारा खाली येतात. तुटलेली तार दिसली तर तिच्यापासून दूर राहून वीज कंपनीला कळवावे.

त्यानंतर घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी एकट्याने पायऱ्या आणि गाडीचा रस्ता चालून पाहावा. निसरड्या जागी वाळू टाकावी. मीठही चालते, कारण साधे मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत बर्फ वितळवते आणि येथील तापमान क्वचितच त्याखाली जाते. पण ते हिरवळीवर आणि झाडांच्या मुळांशी टाकू नये. कोरडा बर्फ बाजूला सारायला खराटा फावड्यापेक्षा बरा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी बर्फ ओढण्याचे काम अजिबात अंगावर घेऊ नये.

चालण्याची पद्धत मुलांना दारातच करून दाखवावी: लहान पावले, गुडघे किंचित वाकलेले, संपूर्ण तळवा एकदम टेकवायचा, हात खिशाबाहेर.

## ५. खेळ (पहिले दोन तास)

सकाळी सात ते दहा हीच खरी वेळ. ढग फाटून ऊन आले की दोन इंच बर्फ दुपारपर्यंत गवतात मुरतो. म्हणून छायाचित्रे आधी दहा मिनिटांत उरकावीत आणि फोन आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा दृश्य आपोआप अंधारे करतो आणि बर्फ राखाडी दिसतो. पडद्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली की तो पांढरा येतो.

बर्फाचा माणूस करण्याआधी मूठभर बर्फ दाबून पाहावा. गोळा टिकला तर बर्फ ओला आहे, कामाला लागावे. तो भुरभुरून सांडला तर बर्फ कोरडा आहे. तेव्हा तासभर थांबावे, किंवा फवारणीच्या बाटलीने थोडेसे पाणी शिंपडावे. दहा इंच बर्फात साधारण एक इंचच पाणी असते, त्यामुळे दोन इंचांच्या थरातून पाच फुटी पुतळा होण्याची अपेक्षा ठेवू नये. लोळवत नेलेल्या गोळ्याला लगेच गवत आणि माती लागू लागते. दीड-दोन फुटांचा पुतळा अंगणातल्या टेबलावर उभारावा आणि त्यासाठी बर्फ टेबल, कठडे आणि गाडीचे टप यांवरून गोळा करावा. तो स्वच्छ राहतो, सावलीत ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, आणि लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर असतो. हा मोठ्या पुतळ्यापेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मोठा पुतळा शेवटी वडीलच एकटे करत बसतात आणि मुले गारठून उभी असतात.

घसरगुंडीसाठी पुठ्ठ्याचे खोके उघडून त्यावर कचऱ्याची मोठी पिशवी ताणून बसवावी. ह्यूस्टन सपाट असल्यामुळे उतार शोधावा लागतो आणि तिथेच धोका असतो: वसाहतींतल्या तळ्यांचे काठ आणि बायूचे, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या संथ ओढ्यांचे, उतार सरळ पाण्यात जातात. उतार संपल्यावर पुढे मोकळे, सपाट मैदान असेल तरच बसावे. तिथे झाड, कुंपण, रस्ता किंवा पाणी असेल तर ती जागा सोडावी. बसताना पाय पुढे असावेत, डोके नव्हे.

खबरदारी: गाडीच्या मागे दोरी बांधून कोणालाही ओढू नये, वेग कितीही कमी असला तरी. तळ्यावर जमलेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर पाऊल ठेवू नये. येथे तो माणसाचे वजन पेलण्याइतका जाड होत नाही.

दर वीस मिनिटांनी मुलांचे हातमोजे काढून बोटे पाहावीत. बोटे लाल असतील तर आत नेऊन थोडी ऊब द्यावी. ती पांढरी किंवा मेणासारखी दिसू लागली, किंवा मूल ‘काही लागत नाही’ म्हणाले, तर खेळ तत्काळ संपला असे समजावे.

## ६. खाण्यासाठी बर्फ

बर्फ पडू लागताच भांडे बाहेर ठेवण्याची चूक करू नये. पहिल्या अर्ध्या-एक तासाचा बर्फ हवेतली धूळ खाली आणतो. त्यानंतर एक मोठे स्टीलचे पातेले, आधी फ्रीजरमध्ये गार केलेले, झाडांपासून आणि छपराच्या पन्हळीपासून दूर, उंच टेबलावर ठेवावे. जमिनीवरचा किंवा गाडीवरचा बर्फ खाण्यासाठी घेऊ नये.

आठ वाट्या भुसभुशीत बर्फाला आटवलेल्या गोड दुधाचा एक डबा आणि वेलदोड्याची पूड घालून हलक्या हाताने ढवळले की अमेरिकेच्या दक्षिणेत घरोघरी होते तसे बर्फाचे आइस्क्रीम तयार होते. दूध एकदम ओतू नये. बर्फात हवाच अधिक असल्यामुळे तो क्षणात बसतो आणि हाती सरबत उरते. कोकमाचे घट्ट सिरप घरात असेल तर वाटीत बर्फ दाबून वरून ते ओतावे. असा गोळा ताबडतोब खावा लागतो.

## ७. घरात परतणे

ओले कपडे दारातच उतरवावेत, आधी मोजे, मग बाकीचे. गारठलेले हात गरम पाण्यात बुडवू नयेत, चोळू नयेत आणि हीटरसमोर धरू नयेत, कारण बधिर कातडीला भाजलेले कळत नाही. कोमट पाणी पुरे. ते मोठ्या माणसाने कोपराने तपासावे. आल्याचा चहा, कुळथाचे कढण किंवा गरम वरणाचे पाणी द्यावे. मूल सतत थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल किंवा अकारण पेंगत असेल, तर कोरड्या पांघरुणात गुंडाळून ९११ ला फोन करावा.

## ८. दुपार आणि दुसरी सकाळ

या दोन दिवसांतला खरा धोका आता सुरू होतो. दुपारी रस्त्यावर पाणी वाहते, सूर्य मावळताच ते गोठते आणि डांबरावर न दिसणारा पारदर्शक थर बसतो. पूल आणि उड्डाणमार्ग सर्वांत आधी गोठतात आणि सर्वांत शेवटी मोकळे होतात, कारण त्यांना खालून जमिनीची ऊब नसते. ह्यूस्टनमधला जवळपास कोणताही प्रवास अशा पुलांवरून होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तापमान शून्याच्या वर जाऊन दोन-तीन तास होईपर्यंत गाडी काढू नये, आणि निघण्यापूर्वी ‘ड्राइव्ह टेक्सास’चा रस्त्यांचा नकाशा पाहावा. काचेवरचा बर्फ काढायला गरम पाणी ओतू नये, काच तडकते. गाडी उघड्यावर सुरू करून काच आतून तापू द्यावी आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडावी.

तपासणी: संध्याकाळी अंगणातल्या पायऱ्यांवरचे पाणी पुसून कोरडे केले का? दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्र किंवा कचऱ्याचा डबा आणायला गेलेली माणसे तिथेच पडतात.

## ९. वितळल्यानंतर

पाइप फुटलेला असला तरी तो गोठलेला असेपर्यंत गळत नाही. तापमान वर आल्यावर सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा पाच मिनिटे पाहावा. तो फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. एखाद्या नळाला पाणीच येत नसेल तर तो उघडा ठेवून पाइप केस वाळवण्याच्या यंत्राने, नळाच्या बाजूकडून मागे मागे, शेकावा. ज्योत कधीही लावू नये. भिंतीवर ओल दिसली तर मुख्य व्हॉल्व्ह आधी, फोन नंतर.

झाडांवरच्या चादरी ऊन येताच काढाव्यात. कढीपत्त्याच्या काळवंडलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत, कारण पुढच्या थंडीत त्याच आतल्या भागाला आडोसा देतात. मार्चपर्यंत थांबावे, मग नखाने साल किंचित खरवडून पाहावी: आत हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडे दिसले तर हिरवे लागेपर्यंत खाली छाटत यावे. संपूर्ण खोड गेले असले तरी झाड उपटू नये. कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतात, आणि ते एप्रिल-मेपर्यंतही लांबू शकतात.